यादीबाहेरचं पोलोग्राउंड

इंदूरला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या असतात. सकाळी पोहे-जिलबी, मग राजवाडा, लालबाग, संध्याकाळी छप्पन दुकान आणि रात्री सराफा. पोलोग्राउंड या यादीत कधीच नसतं. कोणी विचारलंच तर "ते कारखान्यांचं आहे हो, तिथे काय बघायचं?" म्हणून आम्ही विषय संपवतो. मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत आलो. पण गेलं दीड वर्ष मी आठवड्यातून दोनदा पोलोग्राउंडला जातो. माझी बिघडलेली कंबर मला तिथे परत मिळाली. म्हणून आज तुम्हाला या यादीबाहेरच्या जागी घेऊन जातो.

किला मैदान आणि मरीमाता चौकाच्या आसपासचा हा भाग. नावात पोलो आहे, पण आता घोड्याच्या टापा नाहीत, आवाज येतो तो लेथचा आणि कटरचा. शहरातल्या जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. पत्र्याच्या शेड, गंजकी फाटकं, वेल्डिंगचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास, आणि रस्त्यातच उलटे लागलेले टेम्पो. याच भागात जीपीएच परिसर आहे. इंदूर आणि उज्जैन विभागांना वीज पुरवणाऱ्या पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचं ते मुख्यालय. बाबांची सगळी नोकरी वीज खात्यात झाली. कंपनी होऊन आता वीस वर्षं झाली, तरी आमच्या घरात त्याला अजून 'बोर्ड'च म्हणतात.

आता कंबरेची गोष्ट.

मी सॉफ्टवेअरवाला. सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. तिशी ओलांडल्यावर पोट दिसायला लागलं, म्हणून शहरातल्या एका चकचकीत जिममध्ये नाव घातलं. सहा महिन्यांत मला डेडलिफ्टचं वेड लागलं. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवर ठेवलेला वजनांचा बार दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहायचं. दिसायला इतकी सोपी गोष्ट दुसरी नाही. मी मोबाईलमध्ये आकडे लिहीत होतो आणि दर आठवड्याला पाच-दहा किलो वाढवत होतो. एका शनिवारी 120 किलो लावले. आदल्या रात्री रिलीजमुळे चार तास झोप झाली होती. बार गुडघ्यापर्यंत आला आणि कंबरेत कुणीतरी वायर ओढून तोडल्यासारखं झालं.

तीन आठवडे नीट वाकता आलं नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस दबलेली नाही, स्नायू दुखावला आहे, ऑपरेशनची गरज नाही. पायात बधिरपणा आला, पायातली शक्ती कमी झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर मात्र एक मिनिट न थांबता या, असं त्यांनी बजावलं. हे तुम्हीही लक्षात ठेवा.

दुखणं दीड-दोन महिन्यांत गेलं. भीती गेली नाही. आमची लेक तेव्हा चार वर्षांची, वजन सोळा किलो. ती "बाबा, कडेवर" म्हणत हात वर करायची आणि मी खाली बसून तिला मिठी मारायचो. उचलायचो नाही. काही दिवसांनी तिने हात वर करणंच सोडलं. ती सरळ आजोबांकडे जायची, आणि अडुसष्ट वर्षांचे बाबा तिला उचलून घ्यायचे. कंबर दुखली त्यापेक्षा हे जास्त लागलं.

त्याच सुमारास बाबांचं पेन्शनचं काही काम निघालं आणि मी त्यांना गाडीतून पोलोग्राउंडला घेऊन गेलो. ते आत गेले, मी बाहेर टपरीवर चहा घेत उभा राहिलो. समोर एका गोदामात प्लास्टिकच्या दाण्यांच्या गोण्या उतरत होत्या. एकेक गोणी पंचवीस किलोची. दोन हम्माल उतरवत होते, एक विशीतला पोरगा आणि एक पन्नाशीचा गडी. पोरगा कंबरेतून वाकून, हात लांब करून गोणी ओढायचा आणि झटक्याने वर घ्यायचा. गडी आधी गोणीला अगदी चिकटून उभा राहायचा, एक पाय पुढे, एक मागे. गोणी मांडीवर घ्यायचा, क्षणभर थांबायचा आणि मग उठायचा. वळताना कंबर पिळायचा नाही, पावलं टाकून अख्खा वळायचा. अर्ध्या तासाने पोरगा कंबरेवर हात ठेवून उभा होता. गडी त्याला म्हणाला, "भिया, माल को दूर से सलाम मत कर. पेले गले लगा, फिर उठा."

मी हसलो. मग एकदम आठवलं, की हे तर मी बीईच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो! मोमेंट म्हणजे वजन गुणिले अंतर. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि जिममध्ये विसरून गेलो.

बाबा बाहेर आले ते एका जुन्या सहकाऱ्याला घेऊन. लाइनवर काम केलेले, विजेचे खांब उभे करण्यात आयुष्य गेलेले गृहस्थ. तरुणपणी आखाड्यात घाम गाळलेला आणि नंतर वेटलिफ्टिंगही केलेलं. मी त्यांना लहानपणापासून काकाच म्हणतो. बाबांनी माझ्या कंबरेची कथा त्यांना ऐकवली. काकांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "किती उचलत होतास?"

"एकशे वीस, काका."

"आणि आता?"

मी काही बोललो नाही. बाबाच म्हणाले, "आता पोरीलाही उचलत नाही."

"मंगळवारी ये," काका म्हणाले. "बूट नकोत."

जवळच्याच एका गल्लीत, एका कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये काका आणि त्यांचे दोन-तीन मित्र संध्याकाळी पोरांना व्यायाम शिकवतात. बाहेर पाटी नाही, आत आरसा नाही, एसी नाही. एक ऑलिंपिक बार, बिडाच्या प्लेटा, कोपऱ्यात जुने मुगदर आणि मारुतीचा फोटो. माळव्यात होळकरांच्या काळापासून कुस्तीला मान. त्या आखाड्याची शिस्त इथे अजून आहे. बाराला पाय लावायचा नाही, आणि वस्तादांच्या परवानगीशिवाय वजन वाढवायचं नाही.

पहिल्या दिवशी मला बार मिळालाच नाही. काकांनी हातात झाडूचा दांडा दिला. तो पाठीमागे उभा धरायचा, असा की डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी तो टेकेल. मग वाकायचं. तीनपैकी एकही जागा सुटता कामा नये. मी वाकलो आणि माकडहाड लगेच सुटलं. मी कंबरेतून वाकत होतो. वाकायचं असतं खुब्यातून, म्हणजे मांडी जिथे धडाला जोडली आहे तिथून. काकांनी मला भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं केलं. "मागे भिंतीला बूड टेकव. गुडघे थोडेच वाकव." टेकलं की दोन बोटं पुढे सरकायचं आणि पुन्हा. असे दोन आठवडे गेले. चौतीस वर्षांचा इंजिनिअर झाडूचा दांडा पाठीला लावून भिंतीला बूड टेकवतो आहे, आणि शेजारी पंधरा वर्षांची पोरं ऐंशी किलो उचलताहेत. मान खाली घालून केलं.

मग बार आला. नुसता, वीस किलोचा. काकांनी तो जमिनीवर न ठेवता लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवला. तिथे मला माझी पुढची चूक कळली. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटीमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटर उंच राहतो. नवखा माणूस हलक्या, लहान प्लेटा लावतो आणि बार आणखी खाली जातो. ज्याला वाकायची सवय नाही त्यालाच सगळ्यात जास्त वाकावं लागतं. उपाय साधा, बाराखाली काहीतरी ठेवून तो नडगीच्या मध्यापर्यंत आणायचा.

यानंतर काकांनी माझा मोबाईल एका पोराच्या हातात दिला आणि बाजूने व्हिडिओ काढायला सांगितला. समोरून नाही, बाजूने. आरशात आपण स्वतःला समोरून बघतो आणि खऱ्या चुका बाजूने दिसतात. आमच्या भाषेत सांगायचं तर इतके दिवस मी चुकीचा लॉग बघत होतो. त्या व्हिडिओत एकेक करून माझ्या चुका निघाल्या. काकांची अट अशी की एका दिवशी एकच चूक सुधारायची.

पहिली, बार पायांपासून लांब. तो पावलाच्या मध्यावर हवा, उभं राहिल्यावर नडगीपासून दोन-तीन बोटं. वर येताना पायाला घासतच आला पाहिजे. मी घरी येऊन हिशेब केला. 60 किलोचा बार दहा सेंटीमीटर पुढे गेला आणि पाठीचे स्नायू मणक्याच्या साधारण पाच सेंटीमीटर मागून ओढतात असं धरलं, तर त्यांना जवळजवळ 120 किलोंचा जास्तीचा ताण घ्यावा लागतो. नुसत्या दहा सेंटीमीटरसाठी! गोदामातल्या गड्याचं 'गले लगा' ते हेच.

दुसरी, झटका. बारात आणि प्लेटांत थोडी ढील असते. मी हात सैल ठेवून एकदम खेचायचो. आधी हळूच ओढून ती ढील काढायची, हात दोरीसारखे ताणायचे, काखा आवळायच्या, आणि मग जमीन पायांनी खाली ढकलायची. काका म्हणतात, "तू बार उचलू नको. तू जमीन ढकल."

तिसरी, कंबर आधी वर. माझे पाय आधी सरळ व्हायचे आणि मग सगळं ओझं पाठीवर यायचं. छाती आणि कंबर एकाच वेळी, एकाच वेगाने वर यायला हवीत. तसं होत नसेल तर वजन जास्त आहे असं समजायचं आणि कमी करायचं.

चौथी चूक वर पोचल्यावरची. जिंकल्याच्या आनंदात मी मागे झुकायचो. सरळ उभं राहिलं की काम संपलं, मागे वाकून कुणी बक्षीस देत नाही.

पाचवी, श्वास. मी वर येताना तोंडाने हवा सोडून द्यायचो. जड वजनाला आधी पोटात श्वास भरायचा, कुणी पोटात गुद्दा मारणार असल्यासारखं पोट घट्ट करायचं, आणि वर आल्यावर सोडायचा. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हर्नियाचा त्रास आहे त्यांनी मात्र असा श्वास कोंडू नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड वजनाला हातच लावू नये.

आणि सहावी, माझे महागडे, मऊ तळव्यांचे पळण्याचे बूट. गादीवर उभं राहून कपाट उचलण्यासारखं ते. म्हणून काकांचा पहिला नियम, अनवाणी किंवा सपाट तळव्याची चप्पल-बूट.

मी वाचनही केलं, इंजिनिअर आहे ना. जर्मनीत उल्म इथे एका संशोधकाने एका माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत बारीक सेन्सर बसवून दाब मोजला होता. 1999 मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले. सरळ उभं असताना 0.5 मेगापास्कल. वीस किलो पाठ गोल करून उचलले तर 2.3. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलले तर 1.7. तेच वीस किलो अंगाशी धरून उभं राहिलं तर 1.1. मोजमाप एकाच माणसाचं, त्यामुळे तुमचा-माझा आकडा वेगळा असेल. पण वजन तेवढंच असताना ते कुठे आणि कसं धरलं यावर मणक्याचं ओझं दुपटीने बदलतं, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

मी मोठ्या उत्साहाने हे काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण हे वाचून आणखी घाबरू नको. पाठ काचेची नसते."

मला वाटतं, माझी खरी दुरुस्ती त्या दिवशी सुरू झाली. काकांनी समजावलं की रोजच्या आयुष्यात आपण हजार वेळा पाठ गोल करून वाकतो, चप्पल घालतो, खाली पडलेली पेन्सिल उचलतो, आणि काही होत नाही. पाठ वाकण्यासाठीच आहे. त्रास होतो तो बहुतेक वेळा तयारीपेक्षा जास्त ओझं एकदम टाकल्यावर, थकलेल्या अंगावर टाकल्यावर. माझ्या त्या शनिवारी सगळंच जुळून आलं होतं. वजनाची उडी मोठी, झोप चार तास, बार लांब. नुसता बार लांब असता तर कदाचित निभावलं असतं. मी सगळा दोष पाठीला देऊन तिला शिक्षा करत बसलो होतो. भीतीने ताठरून, श्वास धरून चालणं, खुर्चीवरून उठताना हातांनी जोर देणं, लेकीला न उचलणं, या सगळ्याही चुकाच होत्या. फक्त त्या कुठल्या व्हिडिओत दिसत नव्हत्या.

चुका मोठ्यांनाही सुटत नाहीत, हेही काका सांगतात. शेडमधल्या पोरांना ते सांगलीच्या संकेत सरगरची गोष्ट ऐकवतात. वडिलांची पानाची आणि चहाची टपरी, पोरगा 55 किलो वजनी गटात 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत उतरला. स्नॅचमध्ये 113, क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248 किलो. दुसऱ्या प्रयत्नात 139 किलो घेताना त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली, आणि सुवर्णपदक एका किलोने हुकलं. रौप्य मिळालं. आपल्या मराठी मुलाचं हे यश सांगताना काकांचा आवाज चढतो आणि मग ते पोरांकडे वळतात. "वर्षानुवर्षं घोटलेल्या माणसाचंही कोपर जातं. मग तुम्ही दोन महिन्यांत कशाची घाई करता?"

वीस किलोंवरून साठवर यायला मला पाच महिने लागले. दर वेळी अडीच किलो, कधी तेही नाही. एकशे वीसचा आकडा मी मोबाईलमधून पुसून टाकला.

साठ झाले त्या मंगळवारी बाबा आणि लेक मला न्यायला आले होते. लेक शेडच्या दारात उभी राहून मुगदरांकडे बघत होती. काका म्हणाले, "आता सोळा किलो उचल." मला आधी कळलंच नाही. मग मी लेकीजवळ गेलो, अगदी जवळ. एक पाय पुढे घेतला, खुब्यातून खाली गेलो, तिला छातीशी धरलं, श्वास घेतला आणि उठलो. ती माझ्या कानात म्हणाली, "बाबा, तू बरा झालास?" काका लगेच पाठ करून प्लेटा मोजायला लागले. रोज त्या तितक्याच असतात.

मंडळी, तुम्ही डेडलिफ्ट करा असा माझा आग्रह नाही. पण वजन आपण सगळेच उचलतो. आपला 14.2 किलोंचा गॅसचा सिलिंडर लोखंडासकट तीस किलोंच्या आसपास जातो. दिवाळीच्या साफसफाईत गाद्या, ट्रंका, पुस्तकांची खोकी असतात. गावी जाताना डिकीतल्या बॅगा असतात. तेव्हा एवढंच करा. आधी वजन हलवून अंदाज घ्या. अंगाशी घ्या. कंबर न पिळता पावलांनी वळा. आणि जड वाटलं तर हाक मारा, हाक मारण्यात कमीपणा नाही. काका सांगतात की खांब उभा करताना लाइनवर कुणी एकटा जोर लावत नसे, सगळे मिळून "जोर लगा के हैश्शा" म्हणत आणि त्या 'हैश्शा'वरच सगळ्यांचा जोर एकदम लागत असे.

परवा घरी सिलिंडर संपला. बाबा सवयीने पुढे झाले, मी त्यांना थांबवलं आणि खाली वाकलो. मागून बाबांचा आवाज आला, "लांबून सलाम नको. आधी गले लगा." टपरीवरची गोष्ट मी त्यांना कधीतरी सांगितली होती, ती त्यांनी पाठ करून ठेवली होती. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून सिलिंडर आत नेला. लेक मागून ओरडत होती, "हैश्शा!"

इंदूरला आलात तर राजवाडा, सराफा बघाच. पण एखाद्या संध्याकाळी पोलोग्राउंडच्या एखाद्या टपरीवर चहा घ्या आणि समोरच्या गोदामात माल उतरताना पाच मिनिटं बघत उभे राहा. कट चहाच्या पैशांत तेवढी शिकवणी दुसरीकडे मिळायची नाही.